तीन गुंठ्यांच्या बदल्यात तेवीस दिवस

आमच्या घरापासून अंबरनाथचं शिवमंदिर किती लांब, हा प्रश्न साठ वर्षं कुणालाच पडला नव्हता. आजीच्या हिशेबाने दूध तापत ठेवून दर्शन घेऊन यावं, इतकं. आकडा कळला तो २०२१ साली. घर विकायचं ठरलं होतं, पहिला बिल्डर ओट्यावर बसला होता. त्याने मोबाइलवर नकाशा उघडला, मंदिरावर एक बोट ठेवलं, आमच्या कौलांवर दुसरं. अडीचशे मीटर. "काका, हे आमच्याच्याने व्हायचं नाही," म्हणाला आणि चहा यायच्या आत उठला.

कारण साधं आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये करायचं तर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. १९९२ च्या अधिसूचनेत हे होतंच, २०१० च्या दुरुस्तीने ते कायद्यात पक्कं बसलं. त्या परवानगीत इमारतीची उंचीही ठरते. अंबरनाथ पूर्वेला एकामागून एक बंगले पडून तिथे सात-सात मजले उभे राहत होते. आम्ही मात्र देवाच्या सावलीत होतो, आणि त्या सावलीत एफएसआय फुलत नाही. त्या पहिल्या बिल्डरच्या मागून आणखी तिघे आले, तिघेही गेले. शेवटी घर घेतलं ते ओळखीतल्याच एका स्थानिक कुटुंबाने, राहण्यासाठी, आहे तसं. बाबांना त्यात समाधान वाटलं. काकांना त्यातला तोटा दिसला.

या मंदिराबद्दल एक गोष्ट शाळेत शिकवत नाहीत. शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०. बांधकामाला सुरुवात केली शिलाहार राजा छित्तराजाने. त्याच्यानंतर गादीवर आला त्याचा भाऊ नागार्जुन, आणि पूर्ण केलं तिसऱ्या भावाने, मुम्मुणीने. एका भावाने काढलेलं काम दुसऱ्याने पुरं करायचं, मधल्याने अडवायचं नाही. एकत्र कुटुंबाची याहून जुनी पावती आमच्या गावात नाही. माझे बाबा आणि काका एका घराचा रंग कोणता लावायचा यावर तीन वर्षं बोलले नव्हते, त्यामुळे मला त्या शिलाहारांचं जास्तच कौतुक.

तर आमचं घर. जागा तीन गुंठे. एका गुंठ्याला १०८९ चौरस फूट, म्हणजे सगळी मिळून ३२६७. त्यातलं बांधकाम साधारण पंधराशे. बाकी अंगण, परसू, विहीर, दोन नारळ, एक जांभूळ आणि कधीच न फळलेला एक फणस. आजोबा विम्कोत होते. स्टेशनच्या पश्चिमेला काडेपेट्यांचा तो कारखाना, 'शिप'चं जहाज छापलेल्या पेट्या बनवणारा. आता कारखाना नाही, पण रिक्षावाले अजून विम्को नाका म्हणतात. तेव्हाचं अंबरनाथ पगारावर चालायचं: विम्को, धरमसी मोरारजीचा केमिकलचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी, मग एमआयडीसी. सकाळी भोंगा, दुपारी भोंगा. कामगाराला पायी जाता येईल अशी नोकरी आणि त्याच गावात तीन गुंठे, हे जुळून आलं ते त्या एका पिढीपुरतं.

पुढची पिढी लोकलवर गेली. बाबा, काका, मग माझा भाऊ, वहिनी, चुलत बहीण. कारखाने बंद पडत गेले, गाव मात्र वाढत गेलं, कारण आता लोक येत होते ते कामाला नव्हे, झोपायला. गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून माणसं निघाली ती ठाण्याला न थांबता डोंबिवलीला गेली, डोंबिवली भरल्यावर अंबरनाथला, मग बदलापूरला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या कितीतरी घरांनी खोलीचे पैसे करून इकडे वन-रूम-किचन घेतलं. आकडे पाहिले तर २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तेहतीस लाखांवरून एकतीस लाखांच्याही खाली उतरली. त्याच दहा वर्षांत कुळगाव-बदलापूर अठ्ठ्याण्णव हजारांवरून एक लाख चौऱ्याहत्तर हजारांवर गेलं. बदलापूर हे नाव घोडे बदलायच्या जागेवरून पडलं असं म्हणतात. खरं असेल नसेल, पण तिथे येणाऱ्या प्रत्येकाने काहीतरी बदलून घेतलेलं असतं हे खरं.

मधल्या उल्हासनगरची गोष्ट उलटी. तिथे माणसं जागा सोडून आली ती नाइलाजाने. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत, बराकींमध्ये उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी त्या छावणीचं नाव उल्हासनगर ठेवलं. बराकीत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून चार-चार कुटुंबं राहिली, आणि त्यातूनच पुढे दुकान, कारखाना, वर मजला. मला लहानपणी कॅम्पात कापड आणायला नेत तेव्हा आई म्हणायची, "बघ, यांच्याकडे जागा नाही म्हणून यांनी धंदा केला. आपल्याकडे जागा आहे म्हणून आपण नोकरी केली." ती गमतीत म्हणायची, पण त्यात काहीतरी होतं.

आमच्या घरात २०२१ साली दहा माणसं होती. आजी, बाबा-आई, काका-काकू, लग्न न केलेली आत्या, भाऊ-वहिनी, त्यांचा मुलगा, आणि काकांची मुलगी. मी लग्न होऊन डोंबिवलीला, म्हणून मोजणीबाहेर, पण रविवारच्या जेवणात आत. घर विकायचा विषय कुणी काढला, यावर आजही एकमत नाही. माझ्या मते तो वहिनीने काढला, न बोलता. तिची कचेरी फोर्टात. अंबरनाथ मुंबईपासून ६० किलोमीटर. घर ते रिक्षा, रिक्षा ते स्टेशन, गाडी, मग चालत: दाराला कुलूप लागल्यापासून टेबलावर बसेपर्यंत सव्वादोन तास. परतताना तितकेच. उभं राहायची ताकद नसेल त्या दिवशी 'रिटर्न', म्हणजे आधी उलट दिशेने बदलापूरला जाऊन जागा पकडायची आणि त्याच गाडीने परत यायचं. त्यावरून बदलापूरच्या बायकांशी भांडण ठरलेलं, कारण त्यांच्या स्टेशनात गाडी आधीच भरून येते. बायकांच्या डब्याने तिला खूप दिलं हेही ती सांगते: दसऱ्याला डब्याची पूजा, हळदीकुंकू, निवडलेली मेथी, दोन मैत्रिणी. पण मुलगा चौथीत गेला आणि त्याच्या वहीवर तिला पहिल्यांदा 'पालकांची सही: आजी' दिसलं. त्या रात्री ती जेवली नाही एवढंच आम्हाला कळलं.

मग भावाने कागद घेतला आणि हिशेब मांडला. तो बँकेत आहे, त्याला मांडल्याशिवाय पटत नाही. विक्रोळीला राहिलो तर वहिनीचे रोज दोन तास वाचतात. वर्षाचे कामाचे दिवस २८०. म्हणजे ५६० तास. भागिले चोवीस: तेवीस दिवस. "वर्षातून तेवीस अहोरात्र ती फक्त लटकत असते, बाबा," तो म्हणाला. "आणि तिच्याच एकटीचे. चौघांचे मिळून बघा." बाबा कागदाकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, "आणि जांभळाचं काय?"

त्या घराच्या पैशात मुंबईत काय येतं हे शोधण्यात आमचे सात महिने गेले. एकमेकांना लागून असलेली 'जोडी' हवी होती, मधली भिंत काढून एक घर होईल अशी. अशा जोड्या दुर्मीळ, आणि ज्या होत्या त्यांचा भाव ऐकून काका जिना उतरताना कठडा धरायचे. शेवटी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मिळालं. म्हाडाची जुनी वसाहत, मारोतराव कन्नमवारांच्या नावाची. चार मजली इमारती पाडून तिथे टॉवर उठताहेत. आम्हाला मिळाले ते दोन सुटे फ्लॅट, एक सहाव्यावर, एक तेराव्यावर. दोन्ही मिळून साडेनऊशे चौरस फूट कार्पेट. रेराने निदान हे एक चांगलं केलं, की भिंतीच्या आतलं किती ते बिल्डरला लिहून द्यावं लागतं. नाहीतर 'सुपर बिल्टअप'मध्ये जिन्याचा वाराही विकत घ्यावा लागायचा.

दस्ताच्या वेळी एक गंमत झाली, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या व्यवहारातली ती सर्वांत मोठी घटना. मुंबईत घराच्या दस्तावर मेट्रोचा अधिभार धरून सहा टक्के मुद्रांक शुल्क लागतं. २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सूट आहे. पुरुषाचं नाव सोबत घातलं की सूट गेली. एक टक्का म्हणजे आमच्या रकमेत सोफा, फ्रीज, कपाटं आणि आजीचा पलंग. त्यामुळे सहावा मजला आईच्या आणि वहिनीच्या नावावर झाला, तेरावा काकूच्या. तीन गुंठ्यांच्या सात-बारावर आजीचं नाव कधी लागलं नव्हतं. आजोबा गेल्यावर वारस म्हणून चढलं तेवढंच. काकूने निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा दिला, फोटो काढला, आणि बाहेर येऊन काकांना म्हणाली, "आता बोला माझ्या घरात मोठ्याने." सगळे हसले. काका थोडं उशिरा हसले. सरकारने हे समतेसाठी केलं असेल. आमच्याकडे ते एका टक्क्यासाठी झालं. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

टॉवरमधल्या राहणीबद्दल जेवढी तक्रार लिहिली जाते, तेवढी मी लिहिणार नाही. पाणी चोवीस तास येतं. अंबरनाथला उन्हाळ्यात पाण्याची वाट बघत भरून ठेवलेली निळी पिंपं काकूने विकली तेव्हा तिने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पण काही गोष्टी अशा, की चौरस फुटांत त्या मोजताच येत नाहीत. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे. त्यामुळे वाळवण नाही. कुरडया पहिल्या वर्षी बाल्कनीत घातल्या, कबुतरांनी नेल्या. पाटा-वरवंटा आणला, खालच्या मजल्यावरून तिसऱ्या दिवशी निरोप आला. बोंबील तळायचे तर दार लावून. आमच्या विंगेला 'सेलवाले' म्हणतात, म्हणजे पैसे देऊन घर घेणारे. पलीकडच्या विंगेत मूळ म्हाडावाले. दोन्हीकडे परब, सावंत, जाधव, शिंदे. तरीही लिफ्टमधलं हसू वेगवेगळं. आई म्हणते, सहा महिने कुणी नावच विचारलं नाही, फ्लॅट नंबर विचारला.

आणि गणपती. अंबरनाथला पाच दिवस असायचा, गौरीच्या दिवशी पंगतीला साठ माणसं. ओट्यावर, पडवीत, अंगणात मांडव घालून. विक्रोळीत पहिल्या वर्षी पंचवीस जण आले आणि चौदा जण जिन्यात बसले. दुसऱ्या वर्षी सोसायटीचा हॉल घेतला. हॉलला वेळ असते. अकरा ते तीन. तिसऱ्या वर्षी आईनेच सांगितलं, दीड दिवसाचा करू. गणपतीचे दिवस कमी झाले यापेक्षा मला लागलं ते वेगळंच. बोलावण्याच्या यादीतून नावं खोडताना काकूचा आणि आईचा वाद झाला, कोणाचं माहेर आधी खोडायचं यावर. मोठ्या घरात हा प्रश्नच येत नव्हता. जागा असली की नात्याला प्राधान्य द्यावं लागत नाही.

हळूहळू ध्यानात आलं की सौदा झाला तो एका नाण्यात, पण दिलं एकाने आणि घेतलं दुसऱ्याने. जागा गेली ती आजीची, आत्याची, बाबांची. विहिरीचा कठडा, दुपारची झोप, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचा ओटा. वेळ मिळाला तो वहिनीला, बहिणीला, भावाला. वहिनी आता साडेसहाला घरी असते. बहीण संध्याकाळचा कोर्स करते. हे नफ्याचंच आहे, मी शंभर वेळा म्हणेन. पण वहिनीला मिळालेले तेवीस दिवस आजीच्या खात्यातून वळते झाले, हेही त्याच कागदावर लिहायला हवं होतं. भावाच्या कागदावर तो रकाना नव्हता.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचे जीव गेले. त्या दुपारी आईने मला डोंबिवलीला फोन केला. मी ठीक आहे कळल्यावर म्हणाली, "आपलं कुणी नाही ना आता त्या गाडीत?" त्या 'आता'साठी बाबांनी तीन गुंठे दिले असं मला तेव्हा वाटलं. बाबांनाही वाटलं असावं. त्यानंतर त्यांनी जांभळाचा विषय काढलेला नाही.

त्याच वर्षी गिरणी कामगारांनी जे केलं तेही याच गणिताचं. सरकारने त्यांना शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली, सुमारे ८१ हजार. दोन्ही गावं बदलापूरच्याही पलीकडे. ९ जुलैला ते आझाद मैदानात आले: घर द्यायचं तर मुंबईत द्या. वर्तमानपत्रांत कुणी लिहिलं, घर मिळतंय तरी नको. त्यांनी कागद मांडला होता, एवढंच. आणि ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, १६० चौरस फुटांतून ५०० मध्ये, त्याच गल्लीत, चाळीस मजली टॉवरमध्ये. शंभर वर्षं तग धरला म्हणून मिळालं. जे १९८५ साली दमून बदलापूरला गेले, त्यांना हे मिळालं नाही. दमणं ही आपल्याकडे कायमची महाग पडणारी गोष्ट आहे.

सिंगापूरला सरकारी वसाहतीत २०१३ पासून तीन पिढ्यांसाठी वेगळे फ्लॅट बांधतात, आणि २०१५ पासून आईवडिलांच्या जवळ घर घेणाऱ्याला अनुदान देतात. आपल्या म्हाडाच्या सोडतीच्या अर्जात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. आजीसाठी त्यात रकाना नाही, आत्यासाठी तर नाहीच. एका इमारतीतले दोन फ्लॅट एकाच आडनावाच्या दोन भावांना लागून द्यायला काही खर्च येत नाही. पण ते कुणाच्या मनात येत नाही. निदान म्हाडाने तरी ते आणावं, असं मला वाटतं.

आता आत्याचं. तिने अंबरनाथच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. बाजारात तिला पन्नास जण वाकून नमस्कार करायचे, भाजीवालीपासून नगरसेवकापर्यंत. विक्रोळीत ती तेराव्या मजल्यावर काका-काकूंकडे राहायची आणि आजी सहाव्यावर, त्यामुळे दिवसातून आठ वेळा लिफ्ट. एकदा ती अर्धा तास लिफ्टमध्ये अडकली. बाहेर आल्यावर काही बोलली नाही. २०२४ च्या महाशिवरात्रीला ती यात्रेला म्हणून अंबरनाथला गेली आणि संध्याकाळी काकांना फोन केला: "दादा, मी इथे एक खोली बघितलीय. मंदिरापासून अंतर विचारू नकोस." काकांनी आधी आरडाओरडा केला, मग डिपॉझिट भरलं.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे जाऊन आले. वन-रूम-किचन, तळमजला, बाहेर दोन पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर ती. मंदिरापर्यंत दोघी चालत गेलो. वालधुनीच्या पुलावर नाकाला रुमाल लावावा लागला. उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या धंद्याने आणि केमिकलने या नदीचं काय केलं हा वेगळा लेख आहे. गाभाऱ्यात उतरायच्या पायऱ्यांवर आत्याने माझा हात धरला नाही, मी तिचा धरला. परत येताना आमच्या जुन्या घरावरून गेलो. नव्या माणसांनी ओट्याला लादी घातली आहे. जांभूळ आहे. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आत्या म्हणाली. आमचं अंबरनाथचं, त्याला कोण विचारतो.

या दिवाळीचा फराळ तिच्या खोलीत ठरला आहे, भाऊबीजेच्या दिवशी. आजीला गाडीने आणणार. अकरा माणसं एका वेळी बसणार नाहीत, म्हणून दोन पंगती होतील. पहिलीत लहान मुलं आणि आजी.